परतणाऱ्याची जागा राखतं कोण?

बऱ्याच वर्षांनी घरी परतण्याविषयी आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, त्याचे सूर बहुधा दोनच असतात. एक सूर आठवणींचा. स्टेशनावर उतरल्याबरोबर आलेला ओळखीचा वास, अंगणातलं लिंबाचं झाड, शाळेची इमारत आणि भरून आलेलं मन. दुसरा सूर तक्रारीचा. गाव आता पहिल्यासारखं राहिलं नाही, माणसं बदलली, पार मोडला आणि तिथे दुकानं झाली. वरवर पाहता हे सूर एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोन्हींच्या तळाशी समजूत एकच आहे. परतणं ही परतणाऱ्याच्या मनातली खासगी घटना आहे, आणि गाव, घर, मागे राहिलेली माणसं हा त्या घटनेचा पडदा आहे, अशी ती समजूत. पडद्यावरचं चित्र जुन्यासारखं दिसलं की मन भरून येतं, वेगळं दिसलं की खट्टू होतं. मागे राहिलेल्यांनी या सगळ्यात करायचं काय? तर तसंच राहायचं.

ही समजूत मला उथळ वाटते आणि अन्यायाचीही वाटते. माझं म्हणणं असं आहे की घरी परत आल्याची भावना आठवणीतून उपजत नाही आणि गाव बदललं म्हणून ती मरतही नाही. मागे राहिलेल्यांनी परतणाऱ्यासाठी काही काम, काही हक्क, काही जबाबदारी राखलेली असेल, आणि मधल्या वर्षांचा हिशेब दोन्ही बाजूंनी एकमेकांपुढे मांडला गेला असेल, तरच ती उपजते. म्हणजे परतणं पूर्ण करण्याचा अधिकार परतणाऱ्याकडे नसतो. तो घर राखणाऱ्यांकडे असतो.

या प्रश्नासाठी वर्धा जिल्ह्याकडे पाहायला हवं, कारण येणं, जाणं आणि परतणं या तिन्ही गोष्टी इथे नोंद राहील अशा रीतीने घडल्या आहेत. स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचं नाही असं ठरवून निघालेले गांधीजी इथे येऊन राहिले. विनोबा इथून निघाले आणि तेरा वर्षं चालून इथेच परतले. पांडुरंग खानखोजे इथे जन्मले आणि जवळजवळ अर्धं शतक जगभर काढून विदर्भात आले. नाव नसलेली माणसं तर याहून कितीतरी. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३६ हजार होती, २०११ मध्ये ती १३ लाख झाली. दहा वर्षांतली वाढ पाच टक्क्यांच्या आसपास, आणि त्याच काळात महाराष्ट्राची वाढ जवळपास सोळा टक्के. घटता जन्मदर हे त्याचं एक कारण आहेच. पण आर्वी, आष्टी, देवळी, समुद्रपूरची तरुण मुलं नागपूर-पुण्याची वाट धरतात, हे आकडे न पाहताही इथलं कुणीही सांगेल.

१. ओळख पटणं वेगळं, परतणं वेगळं

आठवणीला एवढं महत्त्व आलं कसं, ते आधी पाहू. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल इथे एक प्रबंध लिहिला आणि घरापासून दूर असलेल्या स्विस माणसांच्या झुरण्याला रोगाचा दर्जा दिला. त्याचा खरा उपाय म्हणजे रोग्याला घरी पाठवणं. घर आपल्या जागी आहे तसं आहे, दुखणं फक्त दूर गेलेल्याच्या डोक्यात आहे, आणि दोघांची गाठ घालून दिली की ते बरं होतं, असं या विचारात गृहीत धरलेलं होतं. व्हिएन्नाहून परागंदा होऊन न्यूयॉर्कला स्थिरावलेले समाजचिंतक आल्फ्रेड शुत्झ यांनी १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या निमित्ताने, हे गृहीतक मोडून काढलं. घरही बदललेलं असतं आणि परतणाराही बदललेला असतो, प्रत्येकजण मात्र दुसऱ्याचं जुनं रूप मनात धरून बसलेला असतो, आणि परकेपणा तिथून सुरू होतो, असं त्यांनी दाखवलं.

शुत्झ यांचं निरीक्षण खरं आहे, पण ते अर्ध्या वाटेवर थांबतं. बदल हेच परकेपणाचं मूळ असेल, तर जिथे सगळंच बदललं तिथे परतण्याची भावना उरायलाच नको. आर्वी तालुक्यात धनोडीजवळ वर्धा नदीवर निम्न वर्धा धरण बांधलं गेलं. त्याच्या पाण्याखाली गावं गेली आणि तिथल्या माणसांना दुसरीकडे नवी गावठाणं मिळाली. अशा नव्या गावठाणात आठवणीला टेकायला काहीच नसतं. गल्ल्या सरळ आखलेल्या, घरं नवी, झाडं लहान, नदी लांब. आठवण हाच परतण्याचा पाया असता, तर पुण्याला कामाला गेलेल्या मुलाला या गावठाणात कधीच घरी आल्यासारखं वाटलं नसतं. पण शेजारी तेच असतील, लग्नकार्यात त्याच्या घराच्या वाट्याचं काम त्याच्यासाठी ठेवलेलं असेल, देवीच्या वर्गणीच्या यादीत त्याचं नाव आधीच लिहिलेलं असेल, तर त्याला तसं वाटतं. आता उलट बाजू पाहा. गावात एखादा वाडा कुलूपबंद असतो. आतली देवळी, उखळ, माळा सगळं होतं तसंच, आणि माणूस एकही नाही. तिथे कुलूप काढून आत पाऊल टाकणाऱ्याला शोक होतो. तो शोक खरा असतो, पण त्याला परतणं म्हणता येत नाही. पहिल्या उदाहरणात आठवण नाही पण परतणं आहे, दुसऱ्यात आठवण आहे पण परतणं नाही. तेव्हा या दोन गोष्टींचं नातं आपण समजतो तेवढं घट्ट नाही.

२. खानखोजे, किंवा न राखलेली जागा

पांडुरंग सदाशिव खानखोजे १८८० च्या दशकात वर्ध्याला जन्मले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ऐन विशीत, देश सोडून गेले. जपानमार्गे अमेरिका गाठली, शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीच्या उभारणीत पुढे होते, पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांशी लढले, बर्लिन आणि मॉस्को पाहून १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिलं. आणि १९४७ साली देश स्वतंत्र झाल्यावर या माणसाने मायदेशी यायची परवानगी मागितली, तेव्हा इंग्रजांनी त्यांच्यावर घातलेली बंदी त्यांच्या आड आली. ज्या राज्याविरुद्ध ते आयुष्यभर लढले, ते राज्य गेलं होतं, पण त्याची यादी कचेरीत शिल्लक होती. पुढे बंदी उठली. १९४९ मध्ये ते काही महिने येऊन गेले, १९५५ मध्ये कायमचे नागपूरला आले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले.

आठवणींच्या हिशोबाने पाहिलं तर खानखोज्यांचं परतणं परिपूर्ण व्हायला हवं होतं. एवढी वर्षं परदेशात काढून, तिथे संसार थाटून, मान मिळवूनही सत्तरीच्या उंबरठ्यावर माणूस विदर्भात येतो, याहून ओढीचा मोठा पुरावा कोणता? पण ओढ एका बाजूची होती. दुसऱ्या बाजूला त्यांच्यासाठी राखलेली जागा नव्हती, आणि ती नव्हती याचं कारण गरज नव्हती हे मुळीच नाही. ते नागपुरात हयात असताना, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आणलं आणि हरितक्रांतीची सुरुवात त्यातून झाली. त्याच मेक्सिकोच्या मातीत तीस वर्षं पिकांच्या वाणांवर काम केलेला वर्ध्याचा माणूस इथे नागपुरातच राहत होता. आपल्याकडे हरितक्रांतीचा जो इतिहास सांगितला जातो, त्यात त्यांचं नाव येत नाही. थकल्या वयाच्या माणसाला काय काम देणार होते, असं कुणी म्हणेल. प्रयोगशाळा नको, पण मेक्सिकोच्या शेतीविषयी ऐकून घ्यायला चार तरुण शास्त्रज्ञ त्यांच्यापुढे बसवता आले असते. पुढे वीणा गवाणकरांनी त्यांचं मराठी चरित्र लिहिलं, त्यांच्या कन्येने इंग्रजीत लिहिलं, आणि २०२२ मध्ये लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तो पुतळा जिथे त्यांची जागा होती तिथे उभा राहिला, हे मला योग्यच वाटतं. आपल्या वाट्याला मात्र त्यातून एक प्रश्न येतो. आपल्या माणसाच्या परतण्यासाठी आपण काय राखून ठेवलं होतं?

३. भरताची बाजू

परतण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट रामाची. ती आपण नेहमी रामाच्या बाजूने सांगतो: चौदा वर्षं, वनवास, पुष्पक विमान, दिवे. वाल्मीकीने मात्र दोन तपशील असे ठेवले आहेत की सगळा प्रसंग भरताच्या बाजूला झुकतो. पहिला तपशील असा की अयोध्येत येण्याआधी राम हनुमानाला पुढे पाठवतो. माझं येणं कळल्यावर भरताच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहा, आणि त्याला राज्य हवं असेल तर त्यानेच ते करावं, अशी रामाची भूमिका आहे. हक्क निर्विवाद असलेला मोठा भाऊसुद्धा, मी परत आलो म्हणजे जागा माझीच, असं धरून चालत नाही. दुसरा तपशील असा की भेट झाल्यावर भरत नुसता पाया पडून थांबत नाही. तो राज्य ठेव म्हणून परत करतो आणि कोश, कोठारं, नगर, सैन्य यांचा हिशेब देतो. सारं दहापट झालं आहे, तुम्ही पाहून घ्या, असं सांगतो. चौदा वर्षांच्या विरहानंतर भाऊ कोठारांची गोष्ट काढतो, यात रुक्षपणा दिसत असेल तर आपण प्रेमाची फारच पातळ कल्पना करून बसलो आहोत. त्या हिशोबातच भरताची चौदा वर्षं आहेत. राम तिथे नसताना तो कसा जगला हे सांगायला त्याच्याकडे दुसरी भाषा नाही.

ही गोष्ट वर्ध्याशी फार जवळून जोडलेली आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. भक्तीविषयी बोलताना विनोबांनी लक्ष्मण आणि भरत यांची तुलना केली आणि राम-भरत भेटीच्या चित्राची कल्पना मांडली. त्या चित्रात वनातून आलेला कोण आणि नगरात राहिलेला कोण हे ओळखू येऊ नये, इतके दोघे तपाने सारखे दिसावेत, असा त्यांचा आशय होता. पुढे १९३८ मध्ये ते पवनारला राहायला आले. तिथे जमीन खणताना भरत-राम भेटीचं एक प्राचीन शिल्प सापडलं, आणि ते आज धाम नदीच्या काठी आश्रमातल्या मंदिरात आहे. त्या योगायोगात काही गूढ शोधायची मला गरज वाटत नाही. मला मोलाचा वाटतो तो विनोबांचा विचार: राहणं हाही प्रवास आहे, आणि तो गेलेल्याच्या प्रवासाइतकाच थकवणारा असतो. परतणाऱ्याला आपली वर्षं घटनांनी भरलेली वाटतात आणि घरच्यांची वर्षं रिकामी, थांबलेली वाटतात. इथेच बहुतेक परतणी फसतात.

४. साबरमती, सेवाग्राम, पवनार

जागा राखणं याचा अर्थ वास्तू जपणं असा घेतला तर घोटाळा होतो. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले, ते स्वराज्याशिवाय परतायचं नाही असं म्हणून. १९३३ मध्ये त्यांनी तो आश्रमच विसर्जित केला, पुढे वर्ध्याला मगनवाडीत आणि १९३६ पासून सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहिले. १५ ऑगस्ट १९४७ ला अट पुरी झाली होती, इमारती उभ्या होत्या. तरीही त्यांनी तिकडचा बेत केल्याचं दिसत नाही. ज्या माणसांशी त्यांचं रोजचं देणंघेणं होतं ती माणसं आता सेवाग्रामला होती, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत त्यांना यायचं होतं ते सेवाग्रामलाच. ते आले नाहीत. मार्चमध्ये त्यांचे सहकारी सेवाग्रामला जमले आणि बापूंनंतर काय, या प्रश्नाला भिडले. कुटी आजही जपलेली आहे आणि ती जपायलाच हवी. पण राखलेली जागा जर कुठली असेल, तर ती त्या मार्चमधल्या बैठकीत होती.

विनोबांचं परतणं याहून बोलकं आहे. मार्च १९५१ मध्ये ते पवनारहून पायी तेलंगणाकडे निघाले, एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदानाची पहिली जमीन मिळाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते पुन्हा बाहेर पडले, ते एप्रिल १९६४ मध्ये पवनारला परतले. दरम्यान, ते बाहेर असतानाच, १९५९ मध्ये तिथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं होतं. बहिणींचा तो आश्रम स्वतःच्या श्रमावर आणि सर्वानुमतीच्या निर्णयांवर चालणारा आहे. म्हणजे विनोबा ज्या जागी परतले ती त्यांनी सोडलेली जागा नव्हती. तिची घडी दुसऱ्यांनी बसवलेली होती, तिचे रोजचे निर्णय दुसऱ्यांच्या हातात होते. कल्पना त्यांचीच असूनही कारभार त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला नाही. पुढे बिहारमधली यात्रा आटोपून ते पुन्हा आले, ऑक्टोबर १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास, म्हणजे ती जागा न सोडण्याचं व्रत, घेतला आणि १५ नोव्हेंबर १९८२ ला तिथेच देह ठेवला. परतणाऱ्याने राहिलेल्यांचा अधिकार मान्य केला तर बदललेलं घरही घर होतं, हे शुत्झ यांच्या प्रश्नाला पवनारने दिलेलं उत्तर आहे.

५. वावर कुणाचं, घाम कुणाचा

महापुरुषांची उदाहरणं सामान्य घराला लागू पडतात का? माझ्या मते सामान्य घरातच ती जास्त लागू पडतात. विदर्भातल्या शेतकरी कुटुंबाचं आजचं सर्वसाधारण चित्र असं आहे की सातबाऱ्यावर भावांची नावं तीन आणि वावरात उभा असतो एक. कापूस-सोयाबीनच्या शेतीने त्या एकाचं काय केलं, याचा सरकारी दाखलाही आहे. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यात वर्धा होता. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला. आई-वडिलांची दुखणी, बँकेचे हेलपाटे, सोयऱ्यांची लग्नं, मरणं, शेजारच्या बांधाचं भांडण, हे सगळं त्या एकाने सोसलेलं असतं. फोनवरून त्यातलं फार थोडं कळतं, कारण दोन्हीकडून लपवालपवी चालते. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं ते मुलाला महिन्याने कळतं, तुला काळजी नको म्हणून. मुलाची नोकरी गेली ते घरी कधीच कळत नाही, त्याच कारणासाठी.

मग पोळ्याला किंवा दिवाळीला शहरातला भाऊ येतो. पहिले दोन दिवस आनंदात जातात. तिसऱ्या दिवशी तो वावर पाहायला जातो आणि अजून ठिबक का नाही घेतलं, असं विचारतो. प्रश्न बरोबर असेल, पण तो विचारण्याआधी मधल्या वर्षांचा हिशेब ऐकलेला नसतो. घरी येऊनही घरी आल्यासारखं वाटत नाही, अशी जी खंत पुढे बोलून दाखवली जाते, तिचं कारण बदललेलं गाव असतं असं मला वाटत नाही. त्याला तिथे काही करायला दिलेलं नसतं आणि त्याने काही मागितलेलंही नसतं. पाहुणा म्हणून खाऊ घातलं जातं, मालक म्हणून सही घेतली जाते, आणि घरचा माणूस म्हणून ओझं मात्र कुणी टाकत नाही.

२०२० च्या टाळेबंदीने तर हे उघड्यावर आणलं. वर्धा जिल्हा सुरुवातीचे आठवडे करोनापासून दूर होता, एप्रिलअखेर तो हिरव्या पट्ट्यात होता. महाराष्ट्रात त्या दिवसांत अनेक गावांनी वाटेवर काट्याकुट्या टाकून वेस बंद केली होती आणि शहरातून पायी आलेल्या आपल्याच मुलांना शाळेत चौदा दिवस थांबवलं जात होतं. नियम गरजेचा होता. पण ज्या गावाने शाळेत चूल, पाणी आणि घरचा डबा यांची सोय केली त्या गावातला नियम, आणि ज्याने नुसता काटा टाकला त्या गावातला नियम, यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. पहिल्या गावात येणाऱ्याला वेशीबाहेर थांबूनही जागा होती.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप भावनेचा. गाडी वर्ध्याच्या फलाटाला लागते तेव्हाच छातीत काही हलतं, तेव्हा कुठला हिशेब झालेला असतो? ते हलणं खोटं नाही. पण ती ओळख पटल्याची खूण आहे, आणि ती दोन-तीन दिवसांत विरते. परतणं टिकाऊ असतं. एका भावनेचं नाव दुसरीला दिलं की विरल्याचा दोष आपण गावाला देतो.

दुसरा आक्षेप फार गंभीर आहे. ज्यांना गावाने कधी माणूस म्हणून जागाच दिली नाही, त्यांनी परतताना हिशेब का द्यावा? बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या गौरवावर जो कठोर हल्ला केला, त्याला आजही कुणी पुरेसं उत्तर दिलेलं नाही. वर्ध्यात जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुलं केलं, ही बातमी झाली यातच तोवरची स्थिती कळते. या आक्षेपाने माझा मुद्दा मोडत नाही, उलट त्याचं टोक योग्य दिशेला वळतं. हिशेब दोन्ही बाजूंचा असतो, आणि ज्याला वेशीबाहेर ठेवलं त्याच्या बाबतीत पहिली पाळी गावाची असते. गावाने ती चुकवली तर माणूस दुसरीकडे परततो, आणि ते परतणं पूर्ण असतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसं दीक्षाभूमीला येतात, वर्धा जिल्ह्यातूनही मोठ्या संख्येने जातात. त्यांतल्या बहुतेकांचा जन्म नागपूरचा नाही, बालपणाची एकही आठवण तिथली नाही. तरीही ते पर्यटक नसतात, पाहुणेही नसतात. त्यांची जागा तिथे ठरली आणि ती कुणी काढून घेऊ शकत नाही. जन्मगावाच्या आठवणीवर परतण्याची व्याख्या उभी करणाऱ्यांना ही गर्दी समजणार नाही.

तिसरा आक्षेप असा येईल की हक्क, काम, हिशेब असे शब्द वापरून मी मायेचा व्यवहार करून टाकतो आहे. माया बिनहिशोबी असते. याला मराठी घरातच उत्तर आहे, आणि ते माहेर आहे. वर्षानुवर्षं दूर राहून घरी परतणाऱ्यांत आपल्याकडे सर्वांत मोठी संख्या बायकांची आहे. जात्यावरच्या ओव्यांत माहेराच्या ओढीला जेवढी जागा आहे तेवढी क्वचितच कशाला असेल. लाड, साडीचोळी, आवडीचा स्वयंपाक, माया तिथे काठोकाठ असते. पण माहेरवाशिणीला त्या घरात मत किती असतं? वडिलांच्या औषधोपचाराचा निर्णय, वावर ठेक्याने द्यायचं की विकायचं हा निर्णय, यांत तिला कोण विचारतं? जागा न देता दिलेली माया बिनहिशोबी खरीच, पण तिच्यात परतणाऱ्याला कायमचं पाहुणं करून ठेवण्याची ताकद आहे. आणि हिशेब नाही असंही नाही. तो एकतर्फी असतो. वडील गेले की तलाठ्याकडे वारसनोंद होते, बहिणींची नावं लागतात, आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र पुढे येतं. सही केली तर माहेर शाबूत, नाही केली तर भावांचा अबोला. बिनहिशोबी म्हणून गौरवलेल्या मायेची ही किंमत बहुतेक बहिणी निमूट मोजतात आणि मग दरवर्षी त्या घरी पाहुण्या म्हणून जातात.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता का होईना, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर विवाहित मुलींनाही तो मिळाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने येतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला. ज्या घरात हक्कसोडाचा कागद तयार होऊन बहिणीची वाट पाहत असेल, त्या घरच्या भावांना माझी विनंती आहे. सहीआधी हा कायदा तिला नीट समजावून सांगा, वावराचा आणि कर्जाचा पुरता हिशेब तिच्यापुढे ठेवा, आणि तिने नाही म्हटलं तर पुढच्या दिवाळीलाही तिला घ्यायला स्टँडवर जा.